वाचक विचारतात : ध्रुवावर पोहोचलो हे ठरवायचे कसे?

गेल्या अंकातील ध्रुवीय मोहिमांवरील लेख वाचून अनेक वाचकांनी प्रश्न पाठवले. त्यांतील बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे : ध्रुव हा केवळ एक बिंदू आहे, तेथे डोंगर नाही, दगड नाही, कसलीही नैसर्गिक खूण नाही, मग तेथे पोहोचलेल्याने ते ओळखायचे कसे, आणि इतरांनी त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा? म्हणून या वेळी त्या प्रश्नाला सविस्तर जागा दिली आहे आणि ध्रुवांच्या भूगोलाविषयीच्या काही शंका त्याला जोडून घेतल्या आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : उत्तर ध्रुवावर जमीन आहे का? शंभर वर्षांपूर्वी तेथे रोवलेला झेंडा आज शोधला तर सापडेल का?

उत्तर : जमीन नाही, आणि झेंडाही सापडणार नाही. उत्तर ध्रुव आर्क्टिक महासागरात आहे. त्या बिंदूखाली समुद्राची खोली चार हजार मीटरांहून अधिक आहे. वर जे पांढरे मैदान दिसते तो गोठलेल्या समुद्राच्या पाण्याचा थर असून त्याची जाडी साधारणपणे दोन-तीन मीटर असते. हा थर एकसंध नसतो. वारा आणि सागरी प्रवाह त्याला सतत ढकलत असतात, त्यामुळे कुठे तो फाटून उघड्या पाण्याचे पट्टे तयार होतात, तर कुठे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून माणसाहून उंच कडे उभे राहतात. थोडक्यात, ज्या बर्फावर झेंडा रोवला तो बर्फ दुसऱ्या दिवशी ध्रुवावर नसतो.

या वाहत्या बर्फाचा फटका प्रथम ठळकपणे बसला तो १८२७ साली विल्यम एडवर्ड पॅरी या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याला. त्याची माणसे होड्या ओढत उत्तरेकडे चालत होती आणि पायाखालचा बर्फ दक्षिणेकडे सरकत होता. दिवसभराची वाटचाल आणि सूर्यावरून काढलेले अक्षांश यांचा मेळ बसेना, तेव्हा ८२ अंश ४५ कलांवरून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) त्याने माघार घेतली. फ्रित्योफ नान्सेन या नॉर्वेजियन संशोधकाने मात्र हाच दोष उपयोगात आणला. ‘जीनेट’ नावाचे अमेरिकन जहाज १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले होते आणि तीन वर्षांनी त्याचे अवशेष थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मिळाले. अवशेष वाहत येऊ शकतात तर जहाजही येऊ शकेल, असा तर्क करून नान्सेनने ‘फ्राम’ हे गोलसर तळाचे जहाज बांधून घेतले. बर्फ दोन्ही बाजूंनी आवळू लागला की हे जहाज चिरडण्याऐवजी वर उचलले जाई. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये ते सायबेरियाच्या बाजूला बर्फात अडकवून घेण्यात आले आणि १८९६ साली नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांच्या उत्तरेला ते सुखरूप मोकळे झाले. पुढे १९३७ साली सोव्हिएत संशोधक इव्हान पापानिन व त्यांचे तीन सहकारी ध्रुवाजवळ विमानाने उतरले. त्यांची छावणी ज्या तुकड्यावर होती तो २७४ दिवस वाहत राहिला, आणि शेवटी ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ जहाजांनी त्यांना उचलून घेतले.

दक्षिण ध्रुवाची गोष्ट वेगळी आहे. तेथे भूखंड आहे, पण तो सुमारे २,७०० मीटर जाडीच्या बर्फाखाली आहे आणि बर्फाचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंचीवर आहे. हा बर्फही स्थिर नाही, मात्र त्याची गती वर्षाला सुमारे दहा मीटर इतकीच आहे. म्हणून तेथील अमुंडसेन-स्कॉट संशोधन केंद्रातील लोक दर १ जानेवारीला ध्रुवाची खूण नव्याने मोजून नव्या जागी रोवतात. १९११ साली नॉर्वेजियन संशोधक अमुंडसेनने ध्रुवाजवळ उभारलेला तंबू आता बर्फात कित्येक मीटर खोल गाडला गेला आहे आणि मूळ जागेपासून सुमारे एक किलोमीटर सरकला असणार. अधिक काटेकोर वाचकांसाठी आणखी एक गोष्ट : पृथ्वीचा अक्षच किंचित डळमळत असल्यामुळे खुद्द ध्रुवबिंदूही सुमारे १४ महिन्यांच्या फेऱ्यात काही मीटर इकडेतिकडे फिरतो. पायी जाणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

प्रश्न : उपग्रह नसताना ध्रुवावर आल्याचे त्या लोकांना कसे कळत होते? होकायंत्राचा तेथे उपयोग होतो का?

उत्तर : होकायंत्राविषयी पुढे स्वतंत्र उत्तर दिले आहे. ध्रुव ठरवण्याचे खरे साधन म्हणजे सूर्य. मोहिमा उन्हाळ्यात जातात, तेव्हा सूर्य मावळत नाही आणि तारे दिसत नाहीत, त्यामुळे दुसरे साधन उरतही नाही.

तत्त्व सोपे आहे. पृथ्वीवर इतरत्र सूर्य उगवतो, मध्यान्हीपर्यंत वर चढतो आणि मग उतरतो. ध्रुवावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो चोवीस तास क्षितिजापासून एकाच उंचीवर गोल फिरताना दिसतो. ही उंची त्या दिवशीच्या सूर्याच्या क्रांतीइतकी, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या प्रतलापासून जितके अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो तितकी असते, आणि तो आकडा नाविक पंचांगात तारीखवार छापलेला असतो. आता समजा, एखाद्या जागी सूर्याची सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उंची यांत दोन कलांचा फरक आला, तर ध्रुव तेथून एक कला, म्हणजे १.८५ किलोमीटर, दूर आहे. फरक जितका कमी तितका ध्रुव जवळ. म्हणूनच एका निरीक्षणाने भागत नाही. खात्री करायची तर एकाच ठिकाणी निदान पूर्ण दिवसभर ठराविक वेळाने उंची मोजत बसावे लागते, आणि नेमके तेच काम थंडी व अपुरी शिधासामग्री यांमुळे सर्वांत जिकिरीचे होते.

मोजणी कशी करत तेही पाहण्यासारखे आहे. सूर्याची उंची मोजणाऱ्या सेक्स्टंट या उपकरणाला स्पष्ट क्षितिज लागते. समुद्रावर ते मिळते, पण बर्फाच्या पठारावर चढउतार आणि धूसरपणा यांमुळे क्षितिजाचा भरवसा नसतो. म्हणून एका उथळ पसरट भांड्यात पारा ओतून त्याचा आरसा करत. सूर्य आणि पाऱ्यात दिसणारे त्याचे प्रतिबिंब यांतील कोन मोजला की त्याच्या निम्मा म्हणजे सूर्याची उंची. पारा उणे ३९ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठतो, त्यामुळे ही युक्ती भर उन्हाळ्यातच चालते. वाऱ्याने पाऱ्यावर जराशी लहर उठली तरी प्रतिबिंब फुटते, म्हणून भांड्यावर काचेचे झाकण ठेवावे लागे. आणि हे सगळे करायचे ते हातमोज्यांतून बोटे बाहेर काढून.

रोआल्ड अमुंडसेन आणि त्याचे चार सहकारी, म्हणजे हेल्मर हान्सेन, ओस्कार विस्टिंग, स्वेरे हासेल आणि ओलाव ब्यालंड, १४ डिसेंबर १९११ रोजी आपल्या हिशेबाने ध्रुवावर पोहोचले. तेथे झेंडा लावून ते परत फिरले नाहीत. हिशेबात काही किलोमीटरांची चूक असू शकते हे गृहीत धरून अमुंडसेनने तिघांना तीन दिशांना सुमारे वीस-वीस किलोमीटर पाठवले. ज्या वाटेने ते आले ती चौथी दिशा झाली आणि ध्रुव या घेऱ्यात कोठेतरी नक्की सापडला. त्यानंतर निरीक्षणांवरून दुरुस्ती करून त्यांनी मुक्काम काही किलोमीटर पुढे हलवला आणि तेथे चोवीस तास, तासातासाला, सूर्याची उंची मोजली. पाचांपैकी चौघांना नौकानयनातील निरीक्षणे घेता येत होती, आणि त्यांनी एकमेकांच्या नोंदवह्यांवर सह्या केल्या. नंतरच्या तज्ज्ञांनी हे आकडे पुन्हा तपासले तेव्हा त्यांचा शेवटचा मुक्काम खऱ्या ध्रुवापासून सुमारे अडीच किलोमीटरांवर असल्याचे आढळले. घेऱ्याच्या फेऱ्यांत त्यांच्यातील कोणी ना कोणी ध्रुवाच्या अगदी जवळून गेले होते.

या दाव्याला दुसरी पुष्टी प्रतिस्पर्ध्याकडूनच मिळाली. रॉबर्ट फाल्कन स्कॉटची ब्रिटिश तुकडी १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे आली, त्यांनी थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या उपकरणाने स्वतंत्रपणे ध्रुव काढला आणि त्यांच्या बिंदूपासून थोड्याच अंतरावर त्यांना नॉर्वेजियनांचा तंबू दिसला. तंबूत अमुंडसेनने आपल्या राजाला लिहिलेले पत्र होते. आपण वाटेत मेलो तर ते पोहोचवावे, अशी त्याने स्कॉटला विनंती केली होती. ते पत्र पुढे स्कॉटच्या सामानात सापडले. इतका स्वच्छ पुरावा ध्रुवीय प्रवासाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

प्रश्न : मग उत्तर ध्रुवावर सर्वांत आधी कोण पोहोचले? पुस्तकांत रॉबर्ट पिअरीचे नाव असते, पण काही ठिकाणी ते वादग्रस्त म्हटलेले आढळते.

उत्तर : वादग्रस्त हाच शब्द योग्य आहे. १९०९ च्या सप्टेंबरमध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन दावे जगापुढे आले. दोघेही अमेरिकन. फ्रेडरिक कुक यांनी आपण २१ एप्रिल १९०८ रोजीच ध्रुव गाठल्याचे सांगितले, तर पिअरी यांनी ६ एप्रिल १९०९ ही तारीख दिली. कुक यांची कागदपत्रे कोपनहेगन विद्यापीठाच्या समितीने तपासली आणि त्यांत ध्रुव गाठल्याचा पुरावा नाही, असा निर्णय दिला. त्यांचा त्याआधीचा अलास्कातील मॅकिन्ली शिखर सर केल्याचा दावाही पुढे खोटा ठरला, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलणारे फारसे कोणी उरले नाही.

पिअरी यांचे प्रकरण इतके सरळ नाही. त्यांचा अनुभव मोठा होता, साधने चांगली होती आणि शेवटच्या टप्प्यात त्यांच्याबरोबर मॅथ्यू हेन्सन व आर्क्टिकचे मूळ रहिवासी असलेले चार इनुइट होते : ऊटाह, एगिंगवा, सीग्लू आणि ऊकेआ. हेन्सन हे कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थ पिअरी यांच्यापेक्षा कुत्र्यांच्या गाड्या अधिक सफाईने हाकत आणि इनुइट भाषा उत्तम बोलत. त्यांना त्यांच्या हयातीत मिळालेला मान फारच तुटपुंजा होता, हे येथे नमूद केलेच पाहिजे. मात्र या सहांपैकी सूर्याची निरीक्षणे घेऊन ती पडताळू शकणारे पिअरी एकटेच होते. ते काम करू शकणाऱ्या रॉबर्ट बार्टलेट या कप्तानाला त्यांनी १ एप्रिल रोजी, ८७ अंश ४७ कलांवरून, परत पाठवले होते. तेथून ध्रुव सुमारे २४६ किलोमीटर दूर होता. साक्षीदार मागे फिरताच पिअरी यांच्या वेगाचे आकडे एकदम वाढतात : हे अंतर त्यांनी पाच दिवसांत कापल्याचे सांगितले आणि परतीचा वेग त्याहूनही अधिक नोंदवला.

दुसरी अडचण दिशेची आहे. बर्फ आडवा वाहत असताना तुम्ही सरळ उत्तरेकडे चालला आहात की डावी-उजवीकडे भरकटला आहात, हे केवळ मध्यान्हीच्या उंचीवरून कळत नाही. त्यासाठी रेखांशाची निरीक्षणे हवीत. पिअरी यांनी वाटेत ती घेतली नाहीत. तिसरी अडचण ऋतूची. ६ एप्रिलला सूर्याची क्रांती साडेसहा अंशांच्या आसपास असते, म्हणजे ध्रुवावर सूर्य क्षितिजालगत फिरत असतो. इतक्या खाली असलेल्या सूर्याचे किरण हवेतून येताना बरेच वाकतात आणि तो सात-आठ कलांनी अधिक उंच दिसतो. ही दुरुस्ती कोष्टकांवरून करता येते, पण कडाक्याच्या थंडीत हवेचे वर्तन कोष्टकाप्रमाणेच असेल याची हमी नसते. अमुंडसेनच्या वेळी सूर्य २३ अंशांहून उंच होता, हा फरक लक्षात घ्यावा.

आमचे मत विचाराल तर पिअरी यांनी मुद्दाम फसवले असे म्हणण्याइतका आधार नाही. पण पोहोचले असे म्हणण्याइतकाही नाही. ते ध्रुवाच्या परिसरात होते, किती जवळ ते सांगता येत नाही.

निर्विवाद दावे शोधू गेले तर पहिला येतो तो आकाशातून. अमुंडसेन, अमेरिकन लिंकन एल्सवर्थ आणि इटालियन उंबेर्तो नोबिले यांची ‘नोर्गे’ ही वायुनौका १२ मे १९२६ रोजी उत्तर ध्रुवावरून गेली. (तीनच दिवस आधी रिचर्ड बर्ड यांनी विमानातून ध्रुव गाठल्याचे जाहीर केले होते, त्यावरही शंका आहेत.) दक्षिण ध्रुवावर अमुंडसेनबरोबर असलेला विस्टिंग ‘नोर्गे’वरही होता, त्यामुळे दोन्ही ध्रुव निःसंशयपणे पाहणारी पहिली माणसे हीच दोघे ठरतात. ध्रुवावर पाय ठेवण्याचा मान विमानाने उतरलेल्या सोव्हिएत तुकडीकडे जातो, २३ एप्रिल १९४८. बर्फावरून प्रवास करून जाणाऱ्यांत राल्फ प्लेस्टेड यांची मोटार-स्लेजवाली तुकडी १९ एप्रिल १९६८ रोजी पोहोचली आणि अमेरिकन हवाई दलाच्या विमानाने त्यांचे स्थान वरून पडताळून दिले. कुत्र्यांच्या गाड्यांनी जाणारे वॉली हर्बर्ट ६ एप्रिल १९६९ रोजी पोहोचले. म्हणजे पिअरी यांच्या तारखेला बरोबर साठ वर्षे झाली त्या दिवशी.

प्रश्न : दोन्ही ध्रुवांवर सूर्य सारखाच तिरपा असतो. मग दक्षिण ध्रुव इतका अधिक थंड का?

उत्तर : प्रश्न चांगला आहे, कारण निव्वळ उन्हाळ्यातील उन्हाचा हिशेब केला तर दक्षिण ध्रुवच किंचित उबदार निघायला हवा. पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तोच दक्षिणेचा उन्हाळा; त्यामुळे डिसेंबरमधील दक्षिण ध्रुवाला जूनमधील उत्तर ध्रुवापेक्षा सुमारे सात टक्के अधिक ऊन मिळते. तरीही दक्षिण ध्रुवाचे वार्षिक सरासरी तापमान उणे ४९ अंशांच्या आसपास आहे आणि भर उन्हाळ्यातही ते सरासरी उणे २८ च्या जवळच राहते, तर उत्तर ध्रुवावर जुलैत तापमान शून्याच्या आसपास येते.

मुख्य कारण उंची. दर किलोमीटर उंचीमागे हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे २,८३५ मीटरांचा हिशेब अठरा अंशांच्या घरात जातो. दुसरे कारण पायाखाली आहे. उत्तरेला बर्फाच्या पातळ थराखालचे खारे पाणी उणे १.८ अंशांपेक्षा थंड होऊ शकत नाही. ते खालून सतत उष्णता पुरवत राहते. अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाहही आर्क्टिकमध्ये शिरतो. अंटार्क्टिकाभोवती मात्र अखंड समुद्र आहे आणि त्यातील पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरणारा प्रवाह व वारे या खंडाला उबदार पाण्यापासून तोडून ठेवतात. शिवाय पठारावरील हवा इतकी कोरडी असते की जमिनीची उष्णता अडवणारी वाफ तिच्यात जवळजवळ नसते, आणि स्वच्छ बर्फ पडलेल्या उन्हापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग तसाच परतवून लावतो. पृथ्वीवरील नोंदलेले सर्वांत कमी हवेचे तापमान, उणे ८९.२ अंश, याच पठारावरील व्होस्तोक केंद्रात २१ जुलै १९८३ रोजी मोजले गेले. व्होस्तोक दक्षिण ध्रुवाहूनही उंच आहे.

प्रश्न : ध्रुवावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते हे अक्षरशः खरे आहे का?

उत्तर : ढोबळमानाने खरे, अक्षरशः नाही. वातावरणात किरण वाकत असल्यामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच त्याची कड दिसू लागते आणि मावळतानाही ती उशिरापर्यंत दिसते, म्हणून दोन्ही ध्रुवांवर दिवस काही दिवसांनी लांबतो. त्यातही उत्तरेचा उन्हाळा पृथ्वी सूर्यापासून दूर व संथ असताना येतो, त्यामुळे उत्तर ध्रुवावर सूर्य सुमारे १९० दिवस आणि दक्षिण ध्रुवावर सुमारे १८३ दिवस वर असतो. उरलेला काळ सगळा काळोखाचा नसतो. सूर्य क्षितिजाखाली फार खोल जाईपर्यंत कित्येक आठवडे संधिप्रकाश रेंगाळतो आणि मिट्ट काळोख अकरा आठवड्यांच्या आसपास टिकतो.

सूर्योदय तर वर्षातून एकदाच होतो आणि तो आपल्या कल्पनेतला नसतो. बिंब सरळ वर येत नाही; क्षितिजाच्या कडेकडेने घरंगळत, एका फेरीत जेमतेम पाऊण बिंबाइतके उंच होत, पुरते उगवायला त्याला तीस तासांहून अधिक वेळ लागतो.

प्रश्न : चुंबकीय ध्रुव आणि भौगोलिक ध्रुव वेगळे का आहेत, आणि ध्रुवावर होकायंत्राची सुई कोठे वळते?

उत्तर : भौगोलिक ध्रुव म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचे टोक. चुंबकीय ध्रुव म्हणजे ज्या जागी चुंबकीय बलरेषा जमिनीत उभ्या शिरतात किंवा बाहेर पडतात ती जागा. हे चुंबकत्व पृथ्वीच्या गाभ्यात, सुमारे २,९०० किलोमीटर खाली असलेल्या वितळलेल्या लोहाच्या अभिसरणातून निर्माण होते, आणि ते अभिसरण अक्षाशी तंतोतंत जुळून चालत नाही. ते बदलते तसे चुंबकीय ध्रुवही जागा बदलतात.

जेम्स क्लार्क रॉस यांनी १ जून १८३१ रोजी कॅनडाच्या उत्तरेकडील बूथिया द्वीपकल्पावर उत्तर चुंबकीय ध्रुव शोधला. त्यांच्याजवळ आडव्या नव्हे तर उभ्या पातळीत फिरणारी सुई होती. ती जवळजवळ सरळ खाली वळली तेव्हा त्यांनी ती जागा निश्चित केली. १९०४ साली अमुंडसेन त्याच भागात पोहोचला तेव्हा ध्रुव सरकल्याचे त्याच्या मोजमापांतून दिसले. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा वेग खूप वाढला, वर्षाला ५० किलोमीटरांच्या पुढे गेला, आणि ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाच्या रोखाने निघाला. जहाजे, विमाने आणि फोनमधील होकायंत्रे ज्या जागतिक चुंबकीय प्रतिमानावर अवलंबून असतात, त्याची दुरुस्ती त्यामुळे २०१९ साली ठरलेल्या वेळेआधीच करावी लागली.

दक्षिण चुंबकीय ध्रुवापाशी १६ जानेवारी १९०९ रोजी अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या ब्रिटिश मोहिमेतील एजवर्थ डेव्हिड, डग्लस मॉसन आणि अॅलिस्टर मॅके पायी पोहोचले. तेव्हा तो अंटार्क्टिकाच्या भूमीवर होता. आज तो किनारा सोडून समुद्रात गेला आहे, इतका की तो अंटार्क्टिक वृत्ताच्याही बाहेर आहे. भौगोलिक दक्षिण ध्रुवापासून तो २,८०० किलोमीटरांहून दूर असल्याने तेथे होकायंत्र निकामी होत नाही, सुई एका ठराविक दिशेने स्थिर राहते. फक्त दक्षिण ध्रुवावरून कोणतीही दिशा उत्तरच असल्यामुळे तिने ‘उत्तर’ दाखवूनही काही साधत नाही. म्हणून तेथे काम करणारे लोक नकाशावर चौकटी आखून, ग्रिनिचच्या रेखावृत्ताकडील दिशेला सोयीची उत्तर मानतात. उत्तर ध्रुवावर उलट परिस्थिती आहे : चुंबकीय ध्रुव तुलनेने जवळ असल्याने सुईला आडवे वळवणारे बल क्षीण होते आणि ती सुस्तपणे भरकटते.

प्रश्न : स्कॉट मरणाच्या वाटेवर असताना दगडांचे ओझे का ओढत होता? तो हट्ट नव्हता का?

उत्तर : फेब्रुवारी १९१२ मध्ये, परतीच्या वाटेवर, स्कॉटच्या तुकडीने बिअर्डमोर हिमनदीच्या काठावरून सुमारे १६ किलो खडकांचे नमुने गोळा केले आणि ते शेवटपर्यंत टाकले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला तेव्हा गाडीवर ते तसेच होते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या पंचवीस कोटी वर्षांहूनही जुन्या वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. हीच वनस्पती भारत, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील खडकांत मिळते. म्हणजे अंटार्क्टिका एके काळी या भूभागांना जोडलेली होती आणि तिच्यावर वने होती, याचा तो हाती धरता येईल असा पुरावा होता.

या ओझ्याने ते मेले असे मात्र वाटत नाही. कारणे अधिक जुनी होती. ‘वन टन’ नावाचा शिधासाठा आदल्या वर्षी ८० अंशांवर ठेवायचा ठरला होता, पण तट्टे थकल्यामुळे तो ७९ अंश २९ कलांवरच ठेवला गेला. स्कॉट आणि त्याचे शेवटपर्यंतचे सोबती विल्सन व बॉवर्स यांचा शेवटचा तंबू त्या साठ्यापासून सुमारे वीस किलोमीटरांवर होता. साठा ठरल्या जागी असता तर ते त्याच्या पुढे आलेले असते. वाटेतील साठ्यांत केरोसीनही अपेक्षेपेक्षा कमी भरले, कारण डब्यांच्या बुचांतील चामड्याच्या चकत्या थंडीत आकसून तेल उडून जात होते. अमुंडसेनने आपले डबे डाग देऊन पक्के बंद केले होते आणि प्रत्येक साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडवी, निशाणांची लांब रांग लावली होती. काही किलोमीटर चुकले तरी एखादे निशाण नजरेस पडलेच पाहिजे अशा बेताने. दोन मोहिमांमधला फरक धैर्याचा नव्हता, तो अशा तपशिलांचा होता.

प्रश्न : सगळी रेखावृत्ते एकत्र येतात तेथे घड्याळात किती वाजलेले असतात?

उत्तर : जे सोयीचे असेल तितके. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकन केंद्रात न्यूझीलंडची वेळ पाळतात, कारण माणसे आणि सामान क्राइस्टचर्चमार्गे येते. उत्तर ध्रुवावर कायम वस्तीच नाही; जहाजे आपापली वेळ लावतात.

प्रश्न : हे दोन्ही ध्रुव कोणाच्या मालकीचे आहेत? समुद्रतळाशी झेंडा रोवल्याने काही हक्क मिळतो का?

उत्तर : अंटार्क्टिकावर सात देशांनी दावे सांगितले आहेत, पण १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी सही केलेल्या आणि १९६१ पासून अमलात आलेल्या अंटार्क्टिक कराराने ते गोठवून ठेवले. दावे मान्यही नाहीत आणि रद्दही नाहीत. लष्करी कारवाया मात्र मना आहेत आणि संशोधन सर्वांना खुले आहे. १९९१ च्या माद्रिद येथील पूरक कराराने खनिजांच्या उत्खननावरही बंदी घातली.

उत्तरेला असा करार नाही, कारण तेथे खंडच नाही. तेथे समुद्राविषयीचा आंतरराष्ट्रीय कायदा लागू होतो : किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचा आर्थिक हक्क, आणि त्यापलीकडे समुद्रतळ हा आपल्याच भूखंडाचा विस्तार आहे असे दाखवता आले तर तळापुरता वाढीव हक्क. २ ऑगस्ट २००७ रोजी रशियन पाणबुड्यांनी ध्रुवाखाली ४,२६१ मीटर खोलीवर टायटॅनियमचा झेंडा ठेवला, त्याचा बराच गाजावाजा झाला, पण कायद्याच्या दृष्टीने त्याने काहीही बदलले नाही. महत्त्वाचे आहे ते ध्रुवाजवळून जाणाऱ्या लोमोनोसोव्ह या सागरतळावरील पर्वतरांगेचे नाते. रशिया, कॅनडा आणि ग्रीनलंडच्या वतीने डेन्मार्क, तिघेही ती आपल्या भूखंडाला जोडलेली असल्याचा दावा करतात आणि त्यासाठी त्यांनी खडक व खोलीची मोजमापे संयुक्त राष्ट्रांच्या कायद्यान्वये नेमलेल्या आयोगापुढे मांडली आहेत. हा आयोग केवळ शास्त्रीय पुराव्याविषयी शिफारस करतो. दावे एकमेकांवर येतात तेथे सीमा आखण्याचे काम त्या देशांनीच आपसात बोलून करायचे आहे.